पुलाच्या अलीकडे

रफीक गेल्याचा फोन त्याच्याच नंबरवरून आला, म्हणून मी आधी त्यावर विश्वासच ठेवला नाही. मी पाचोऱ्यात होतो, एका टेम्पोच्या सर्व्हेला. गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासणं हा माझा धंदा. ठोकलेली गाडी बघायची, आणि मालक सांगतो तशीच ती ठोकली का, हे ठरवायचं. टेम्पोवाला सांगत होता, "साहेब, रोही आडवी आली," आणि मी बंपरवर रोहीचा, म्हणजे नीलगाईचा, एखादा केस तरी चिकटलाय का ते शोधत होतो. तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'रफ्या धुळे'. मी नेहमीसारखं म्हटलं, "बोल रे चोरा." पलीकडे त्याची मुलगी नाझिया होती. "काका... अब्बू गेले," एवढंच म्हणाली. आता हा माणूस कसा होता ते मला माहीत. एकदा त्यानं दुकानातल्या कारागिराकडून मला 'उस्ताद सीरियस, लवकर या' असा मेसेज पाठवला होता. मी घाम पुसत धुळ्याला पोचलो तर हा स्टुलावर बसून बिर्याणीची थाळी समोर घेऊन हसत होता. "ईदचं जेवण थंड होत होतं, अन तू येतच नव्हता," म्हणे. म्हणून मी नाझियाला विचारत सुटलो. कधी? कुठे? जवळ कोण होतं? दवाखान्यात कुणी नेलं? डॉक्टर काय म्हणाले? पोरीनं एकेक उत्तर दिलं. संध्याकाळी दुकानातच छातीत दुखलं, रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारापर्यंतच... आणि मग रडता रडता म्हणाली, "काका, तुम्ही हा पण क्लेम तपासताय का?" मी तिथंच टेम्पोच्या पायरीवर बसलो. टेम्पोवाल्यानं पाणी आणून दिलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचा क्लेम मी पुढे पास केला. रोही होती की नव्हती, देव जाणे.

रफीक मूळचा धुळ्याचा, पण डेंटिंग-पेंटिंगचं काम शिकायला जळगावात मामूच्या गॅरेजमध्ये आला होता. मी डिप्लोमाला होतो. आमची ओळख गॅरेजात झाली नाही, की कॉलेजात नाही. ती झाली बसस्टँडच्या मागे पिंटूभाऊच्या गेम पार्लरमध्ये. अरुंद दुकान, भिंतीला लावलेले जाडजूड कॉम्प्युटर, वर एकच पंखा, आणि तोही पिंटूभाऊच्या दिशेनं फिरवलेला. जळगावच्या उन्हाळ्यात तिथं बसणं म्हणजे भट्टीतच बसणं, तरी आम्ही बसायचो. तिथं ती गाड्यांच्या शर्यतीची गेम होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, उगाच कंपनीची फुकट जाहिरात व्हायची. तिचे पुढे डझनभर भाग निघाले, अजून निघतातच आहेत. आमच्याकडे आला तो तिसरा भाग, आणि तोही कुणीतरी कुठूनतरी उतरवून आणलेल्या सीडीवर. अर्ध्या गाड्या त्यात नव्हत्या, गाणी नव्हती. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आमची एक निळी गाडी होती, समुद्राकाठचं एक शहर होतं, आणि शहर संपतं तिथं एक भलामोठा पूल होता.

त्या पुलानंच सगळा घोळ केला. गाडी पुलावर चढली की पडदा गोठायचा. आवाज एकाच सुरात घुंऽऽ करत राहायचा, मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं. पिंटूभाऊ गादीवरून ओरडायचा, "पुलवर जाऊ नका रे भो, मशीन मरी जास!" आणि जो गेला त्याला त्या दिवशी बाहेर. आता कोणत्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं की सीडी खराब आहे. आमच्या डोक्यात ते आलंच नाही. आम्हाला वाटलं गेमच तशी आहे. पुलाच्या अलीकडे थांबायचं, हाच नियम. मग शर्यत कसली? तर पुलाच्या जास्तीत जास्त जवळ जाऊन थांबायची. भरधाव यायचं, हँडब्रेक दाबायचा आणि चाक पुलाच्या पांढऱ्या पट्टीपाशी आणायचं. पट्टीला स्पर्श चालेल, पट्टीपलीकडे गेलं की मेला. भांडण झालं की पिंटूभाऊ काडेपेटीतली काडी काढून पडद्याला लावायचा. चाक आणि पट्टी यांच्यात काडी मावली तर 'अजून जागा होती' असा निकाल. आणि एक नियम फार कडक होता. जिंकलेल्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. ती पडद्यावर तशीच उभी राहणार, पिंटूभाऊ बटण बंद करेपर्यंत. जगभर पोरं त्या गेमवर वेग शिकत होती म्हणतात. जळगावची पोरं ब्रेक शिकत होती.

रफीक त्यात उस्ताद होता. त्याचा उजवा हात पत्र्यावर फिरून फिरून इतका हलका झाला होता की बटण दाबलं हे बटणालासुद्धा कळायचं नाही. मी कायम दुसरा. मग मी म्हटलं, पडद्यावर काय, खऱ्या गाडीवर ये. बाबांची स्कूटर काढली आणि आम्ही दोघं मेहरूण तलावाच्या रस्त्याला गेलो. तिथल्या एका लहानशा पुलाआधी खडूनं पट्टी मारली. आधी मी चालवणार, हा मागे बसून नजर ठेवणार. स्कूटर भरधाव आणली, ब्रेक दाबला, आणि पुढचं चाक वाळूवर गेलं... आम्ही दोघं एकीकडे, स्कूटर दुसरीकडे. रफीक गुडघा धरून उठला आणि पहिलं काय केलं असेल? चाक बघितलं. "पट्टीला टेकलंय," म्हणाला, "जिंकलास हराम्या." स्कूटरच्या उजव्या बाजूच्या पत्र्याला वाटीएवढी ठोकर पडली होती. बाबांना मी सांगितलं, म्हैस आडवी आली. तेव्हापासून आजपर्यंत, तो पाचोऱ्याचा टेम्पो सोडला तर, जनावर आडवं आल्याचा एकही क्लेम मी डोळे मिटून पास केलेला नाही.

पुलाचं बिंग फुटलं ते नाशकात. मावसभावाकडे तीच गेम, अस्सल सीडीवर. मी चालवत पुलापाशी आलो आणि सवयीनं थांबलो. तो म्हणाला, "अरे थांबलास काय? खरी गेम तर पुलापलीकडे आहे." मला वाटलं थट्टा करतोय. त्यानं कीबोर्ड माझ्या हातातून घेतला, आणि मी उठून चक्क गॅलरीत निघून गेलो. रफीकशिवाय ते बघणं मला चोरी वाटली. जळगावात येऊन मी त्याला सांगितलं. वाटलं, हा चिडेल, पिंटूभाऊला शिव्या घालेल. तसं काही केलं नाही. मग म्हणाला, "काय आहे तिकडे, ते सांगू नको." मी म्हटलं, मलाच माहीत नाही. तर केवढा खुश झाला! "मग ठरलं. जाऊ तर दोघं जाऊ." पण पिंटूभाऊचं पार्लर पुढे बंद पडलं, तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं. रफीक धुळ्याला परतला, मी विम्यात शिरलो. अस्सल सीडी कुठंतरी मिळाली तेव्हा ती नव्या कॉम्प्युटरवर चालेना. राहिला तो पूल तिथंच.

धुळ्यात पारोळा रोडला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. आमचे धंदे तसे एकमेकांच्या वाईटावर टपलेले. तो जुनं नवं करून दाखवणार, मी त्या नव्याखालचं जुनं उकरून काढणार. माझ्या खिशात कायम एक छोटं लोहचुंबक असतं. पत्र्यावर ते चिकटतं, पण पत्र्यात खड्डा पडून त्यात लांबी भरली असेल, म्हणजे ती घट्ट होणारी लुकण, तर तिथं ते सटकन खाली पडतं. लोक वर्षापूर्वीची ठोकर आणून कालच्या अपघातात घुसवतात. मी चुंबक फिरवतो आणि त्यांचे चेहरे बघतो. रफीक म्हणायचा, "तुझ्या लग्नातही तू चुंबक घेऊन गेला असशील." पण त्याची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. जुनी गाडी नवी करायला आली की तो मालकाला आधी विचारायचा, यातली कोणती ठोकर ठेवायची? लोक चक्रावायचे. तो समजावायचा. एखादी असेलच ना, पोरानं सायकल घातली ती, बायकोनं पहिल्यांदा गाडी शिकताना भिंतीला लावली ती. ती सोडून बाकी सगळं तो आरशासारखं करायचा, आणि त्या खड्ड्यावर फक्त रंग मारायचा, लांबी नाही. "बठ्ठं गुळगुळीत करी टाकं, तं गाडी तुनी शे हाई कसं समजी?" सगळंच गुळगुळीत केलं तर गाडी तुझी आहे हे कळणार कसं, हा त्याचा सवाल. बाबा गेल्यावर त्यांची स्कूटर मी त्याच्याकडे नेली. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही. परत मिळाली तेव्हा स्कूटर नवीकोरी, आणि उजव्या बाजूला मेहरूणची ठोकर जशीच्या तशी. मी त्यावर चुंबक लावून बघितलं. चिकटलं.

मग मोबाइलवर त्याचा मेसेज आला. कंपनी म्हणे तिसरा भाग पुन्हा आणतेय, नव्या रूपात. सोबत जाहिरातीची चित्रफीत. तेच शहर, तोच समुद्र, पण पाण्यावर ऊन असं की डोळे दिपावेत. आणि शेवटी काय दाखवावं? तोच पूल. आपली निळी गाडी त्यावर चढते आणि पडदा काळा होतो. मला तिथंच संशय आला. आमिष बरोबर त्याच जागी लावलेलं, जिथं आपला जीव अडकलाय. मी पुढच्या आठवड्यात धुळ्याला गेलो ते भांडायलाच. म्हटलं, घरातलं पीठ संपलं की बाई जुन्या डब्यांची झाकणं उघडते, तसं झालंय या कंपनीचं. नवं सुचत नाही, म्हणून आमचं लहानपण उकरताहेत. जुन्या पत्र्यावर नवा रंग मारून नव्याच्या भावात विकणार, आणि गाड्या पुन्हा वेगळ्या विकणार, बघ तू. रफीक एका दरवाजावर घासकागद फिरवत होता, वर न बघता म्हणाला, "तू ज्याला जुना पत्रा म्हणतो ना, माझं गिऱ्हाईक त्याला बापाची गाडी म्हणतं." मी म्हटलं, बापाची गाडी बापाच्या पोरानं दुरुस्त करावी, कंपनीनं नाही. तो म्हणाला, "तुझं खरं दुखणं सांग." मी सांगितलं. पुलापलीकडे जे तेव्हा होतं ते आपण पाहिलंच नाही. आता जे दिसेल ते तेव्हाचं नसेल, आत्ता कुणीतरी रंगवलेलं असेल. आणि ते एकदा बघितलं की आपला अलीकडचा पूलही जाईल. घुंऽऽ करणारा, पिंटूभाऊच्या काडीचा. हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागायचं कशाला?

त्यावर तो थांबला. तळहातानं दरवाजा चाचपला, डोळे मिटून, त्याची सवय होती ती. मग म्हणाला, "तू म्हणतो ते खरं आहे, सुध्या. ते ठोकर ठेवणार नाहीत. कंपनी आहे ती, सगळं गुळगुळीतच करणार. म्हणून तर आपण जायचं. ठोकर आपण घेऊन जाऊ." मी म्हटलं, हे बोलणं गिऱ्हाइकाला पटवायला ठीक आहे. तो हसला. "येशील की नाही ते सांग." मी म्हटलं, तू बोलाव, मग बघू. चहा आला, तो बशीत ओतून प्यायलो, आणि मी निघालो. रस्त्यापर्यंत सोडायला आला, माझ्या गाडीच्या बंपरवर टिचकी मारून म्हणाला, "इथं लांबी आहे, कुणाकडून केलं रे? फसवलं तुला." ती आमची शेवटची भेट. तो मला बोलवेल म्हणून मी वाट बघत राहिलो. बोलावणं आलंच नाही, आला तो पाचोऱ्यातला तो फोन.

चाळिसाव्याला मी धुळ्याला गेलो. कुराणखानी झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. भाभी, रफीकची बायको, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत असल्यामुळे आतल्या खोलीत होत्या, पडद्याआडूनच म्हणाल्या, "भाऊ, जेवून जा हं, नीट." मी ताटातलं सगळं संपवलं. नाझियानं ताट उचललं आणि म्हणाली, "काका, ती गेम आली होती. अब्बूंनी माझ्या कॉम्प्युटरवर घेतली होती. रोज दुकानातून आले की बसायचे." खोटं कशाला बोलू? दुःख नंतर आलं, आधी संशय आला. गेम आली आणि यानं मला सांगितलं नाही? रोज बसत होता म्हणजे हा पठ्ठ्या पलीकडे जाऊन आला असणार. एकटाच. सगळं बघून आला, आणि मला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिला. मी तिला विचारलं, अगदी क्लेमवाल्याला विचारतो तशा आवाजात, "किती लांब गेला होता तो?" ती म्हणाली, "तुम्हीच बघा ना."

तिच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता, खुर्चीच्या पाठीवर रफीकचा दुकानातला टॉवेल अजून तसाच, रंगाच्या थिनरचा वास असलेला. तिनं मशीन चालू केलं. शहर उजळलं. एवढं सुंदर, की मला रागच आला. प्रत्येक खिडकीत दिवा, रस्त्यावर पाणी, पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं. आमचं शहर करडं होतं, त्याच्या कडा दातेरी होत्या. हे ते नव्हतं, माझा संशय शंभर टक्के खरा होता. मग नाझियानं खेळ रफीक थांबला होता तिथून उघडला, आणि पडद्यावर निळी गाडी आली. पुलाच्या अलीकडे उभी. "इथपर्यंत यायचे, थांबायचे, मागे जायचे, पुन्हा यायचे," ती सांगू लागली. "मी म्हणायचे, अब्बू, जा ना पुढे, पूल चालू आहे, काही होत नाही. तर म्हणायचे, सुधाकर आल्याशिवाय नाही. मी म्हटलं, मग बोलवा ना त्यांना. तर म्हणाले, थांब, हाताला सवय होऊ दे आधी. नाहीतर तो जिंकेल, अन आयुष्यभर सांगत फिरेल."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. त्या पोरीसमोर मी टॉवेलात तोंड खुपसून रडलो. मग डोळे पुसले आणि माझं काम केलं. खुर्ची पुढे घेऊन गाडीचा सर्व्हे केला. या नव्या गेममध्ये गाडी कुठं घासली तर एका बटणावर ती दुरुस्त होते, नाझियानं दाखवलं. रफीकनं ते बटण दाबलं नव्हतं. बाकी गाडी चकचकीत, आणि उजव्या बाजूला एक ठोकर. "मुद्दाम भिंतीला नेऊन लावली," ती म्हणाली, "चुकीच्या जागी लागली की पुन्हा पहिल्यापासून. मी खूप हसायचे." मी म्हटलं, "काडेपेटी आण." ती स्वयंपाकघरातून घेऊन आली. मी एक काडी काढली आणि पडद्याला लावली, पुढचं चाक आणि पांढरी पट्टी यांच्यामध्ये. वरून बघितलं, खालून बघितलं, चष्मा काढून बघितलं. काडी मावत नव्हती. एवढीशी जरी फट सापडली असती तरी मी ती सोडली नसती, हे तुम्ही लिहून घ्या. पण फटच नव्हती. चाक पट्टीला टेकलेलं होतं आणि तिच्यापुढे केसभरही गेलेलं नव्हतं.

"आता पूल, काका?" नाझियानं विचारलं. तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. पूल समोर होता, दिव्यांनी लखलखलेला, पलीकडे कसलेसे उंच मनोरे दिसत होते. एक बटण दाबलं की झालं. कंपनीनं जुन्या गेमकडे मागे जावं की नाही, याचं भांडण आता कुणाशी करू? मला अजूनही वाटतं की जाऊ नये. त्यांनी आणलेलं शहर आमचं नव्हतं, त्यात आमचं होतं ते रफीकनं स्वतःच्या हातानं आणून ठेवलेलं होतं, ठोकर आणि ब्रेक. मी कीबोर्ड परत तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "नाही बेटा. जिंकलेल्या गाडीला हात लावायचा नसतो." तिला नियम माहीत होता, त्यानं सांगितला असणार. तिनं मान हलवली, आणि आम्ही दोघं ती गाडी बघत बसलो. मग तिनं उठून बटण बंद केलं, पिंटूभाऊ करायचा तसं.

परवा स्कूटरचं आरशाचं दांडकं बदलायला जळगावातच एका नव्या गॅरेजवाल्याकडे गेलो होतो. पोरगा हुशार वाटला. काम संपवून त्यानं उजव्या बाजूच्या पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, बाकी काम एक नंबर केलंय कुणीतरी. ही एवढी ठोकर तेवढी राहून गेली. काढून देऊ? पैसे नका देऊ." मी म्हटलं, "राहून गेलेली नाही. ठेवलेली आहे." त्यानं हात मागे घेतला. पण स्कूटरला किक मारून निघेपर्यंत तो माझ्याकडे आणि त्या खड्ड्याकडे आळीपाळीनं बघत होता, मी लोकांच्या क्लेमकडे बघतो तसा.